किल्ल्यावर यान उतरलं, तर कुणाचं काय बिघडलं?

पाडव्याच्या दुपारी तीन परीक्षक माझ्या बहिणीच्या अंगणात आले. पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याला वेल्ह्याच्या दिशेने वळलं की जी गावं लागतात, त्यातलंच एक गाव. आभाळ मोकळं असेल तर अंगणातून राजगडही दिसतो आणि तोरणाही. परीक्षकांच्या खिशाला बिल्ले होते, हातात गुणांचे कागद. भाचा आणि भाची सकाळपासून किल्ल्यावर पाणी शिंपडत होती.

किल्ला राजगडाचा होता. आठ फूट बाय सहा फूट. पोती, दगड, ओढ्याकाठची माती. मोहरी आणि हळीव छान उगवले होते. पद्मावती तलावात खरं पाणी होतं. सुवेळा माचीच्या नेढ्यातून हात घालता येत होता. पहिले परीक्षक वाकून पाहत होते, खूश दिसत होते. मग त्यांची नजर सुवेळा माचीच्या टोकाकडे गेली.

तिथे एक यान उभं होतं. खेळण्यातल्या ठोकळ्यांचं, ऐंशी सेंटिमीटर लांब. अर्धं माचीवर, अर्धं हवेत.

"हे काय रे?"

"यान आहे सर. गडावर उतरलंय."

"कुणाचं?"

"आपलंच," भाचा म्हणाला.

सर क्षणभर थांबले. मग म्हणाले, "बाळा, महाराजांच्या गडाची अशी थट्टा करायची नसते." आणि कागदावर काहीही न लिहिता पुढच्या अंगणात गेले.

संध्याकाळी निकाल लागला. आमच्या किल्ल्याला क्रमांक नव्हताच, 'विषयाला धरून नाही' म्हणून तो स्पर्धेतूनच बाद केला होता. पहिला आला तो पुण्याहून टेम्पोत घालून आणलेला तयार किल्ला. मी तो पाहून आलो. सुबक होता. एका बुरुजाच्या खाली दुकानाचा स्टिकर तसाच चिकटलेला होता.

रात्री भाच्याने यान मोडलं. ठोकळे पिशवीत भरले. रडला वगैरे नाही. फक्त म्हणाला, "मामा, पुढच्या वर्षी साधाच करू."

हा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे. त्या मुलाविरुद्ध नाही आणि खरं सांगायचं तर त्या तीन परीक्षकांविरुद्धही नाही. अकरा वर्षांच्या मुलाला 'साधाच करू' हे शहाणपण वाटायला लावणारी जी आपली सगळ्यांची सवय आहे, तिच्याविरुद्ध आहे. आणि त्या सवयीत मीही आहे, ते पुढे येईलच.

आधी यान कसं झालं ते ऐका

कारण ज्यांनी ते 'थट्टा' म्हणून बाजूला सारलं, त्यांनी ते दोन मिनिटंही पाहिलं नाही.

जगभर ठोकळ्यांच्या हौशी लोकांचा एक वेडा रिवाज आहे. दर सप्टेंबरला ते एक मोठं अंतराळयान बांधतात. अट एकच, लांबी किमान शंभर बटणं. बटण म्हणजे ठोकळ्याच्या डोक्यावरची ती गोल गाठ. दोन बटणांच्या मध्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर, म्हणजे शंभर बटणं म्हणजे ८० सेंटिमीटर. अशा यानाला ते 'शिप' म्हणतात आणि त्या इंग्रजी अक्षरांचा विस्तार करतात 'सिरियसली ह्यूज इन्व्हेस्टमेंट इन पार्ट्स', म्हणजे सुट्या भागांत घातलेला प्रचंड पैसा. मी भाच्याला याचे फोटो दाखवले होते. त्याचा पहिला प्रश्न : "आपल्याकडे किती ठोकळे आहेत?"

आपल्याकडे होती माझ्या लहानपणची अर्धी बादली, भोरच्या बाजारातून घेतलेल्या दोन पिशव्या आणि शेजारच्या घरातून उसना आणलेला एक डबा. तीन ठिकाणचा माल, तीन वेगवेगळ्या मापांचा. नजरेला सगळे सारखेच दिसतात, पण एकमेकांत बसवले की कळतं. काही इतके घट्ट की दाताने काढावे लागतात, काही इतके सैल की फुंकर मारली तर निघतील. भाचीने एक अख्खा दिवस घालवून प्रत्येक ठोकळा दाबून पाहिला आणि तीन ढीग केले. घट्ट ठोकळे यानाच्या कण्यात, मध्यम मधल्या भागात, सैल नुसते वरच्या सालीला. नऊ वर्षांची आहे ती. आमच्या ऑफिसात अशी वर्गवारी करायला तीन मीटिंगा लागल्या असत्या.

मग यान मध्यात वाकायला लागलं. ऐंशी सेंटिमीटर लांबीचा दांडा दोन्ही टोकांना टेकवला की मधोमध खाली झुकणारच, कारण ठोकळे फक्त घर्षणावर एकमेकांना धरून असतात. मी फोनवर उपाय शोधत होतो. तेवढ्यात बहिणीचे सासरे, मुलांचे आबा, काठी टेकत आले. आबांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय. त्यांनी यान उलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "सांध्यावर सांधा आलाय. भिंत इथंच फाटणार." एवढंच. मुलांनी कणा पुन्हा उसवला आणि वीटकामात करतात तसा, खालचे दोन ठोकळे जिथे भेटतात तिथे वरच्या ठोकळ्याचा मध्य येईल असा रचला. वाकणं निम्म्याहून कमी झालं. उरलेल्यासाठी आत बांबूची एक कामटी सरकवली. कट्टर हौशी लोक याला चीटिंग म्हणतील. म्हणू देत, त्यांच्याकडे बांबू नसेल.

आता आकार. यानाला तीन पंख होते, एक लांब, एक जरा आखूड, एक रुंद. मध्ये उंच मनोरा. मी विचारलं, हा आकार कुठून आणला? भाच्याने मान वर करून समोरच्या डोंगराकडे बोट दाखवलं. संजीवनी माची, सुवेळा माची, पद्मावती माची आणि मध्ये बालेकिल्ला. राजगड वरून पाहिला तर तो तसाच दिसतो, मधल्या गाभ्यातून तीन बाजूंना निघालेले तीन पंख.

आणि सगळ्यात भारी गोष्ट ही. संजीवनी माचीवर चिलखती बुरूज आहेत. बुरुजाच्या बाहेर त्याला कवटाळणारा दुसरा बुरूज, मध्ये माणूस जाईल एवढी चिंचोळी जागा. तोफेच्या माऱ्याने बाहेरचा ढासळला तरी आतला उभा. शाळेच्या सहलीत मुलांनी तो पाहिला होता. यानालाही त्यांनी तसंच दुहेरी कवच केलं. बाहेरची साल, मध्ये दोन बटणांची पोकळी, मग आतली भिंत. "उल्का लागली तर बाहेरचंच फुटेल." खऱ्या अंतराळयानांनाही धूळकण आणि कचऱ्याच्या माऱ्यापासून वाचवायला बाहेर एक पातळ पत्रा आणि मध्ये पोकळी ठेवून आतली भिंत, अशीच रचना करतात. भाच्याला ते माहीत नव्हतं. त्याला संजीवनी माची माहीत होती.

वरच्या सालीवर बारीक यंत्रसामग्रीचा भास हवा होता. त्यासाठी पेनांची टोपणं, मिक्सरच्या भांड्याखालचा काळा दातेरी तुकडा, मेलेल्या चार्जरची पिन, सलाइनची नळी. १९७७ च्या 'स्टार वॉर्स' मधली यानं बनवणाऱ्यांनीही हेच केलं होतं. बाजारात मिळणारे रणगाड्यांचे, विमानांचे प्लास्टिकचे मॉडेल-संच फोडून त्यांचे तुकडे यानाच्या अंगावर चिकटवले होते. पडद्यावर जे अफाट यंत्र वाटतं, ते जवळून पाहिलं तर कुठल्यातरी रणगाड्याचा भाग असतो.

आता मला सांगा. ज्या यानाचा आराखडा राजगडाचा, कवच संजीवनी माचीचं, जोडकाम गवंडी आजोबांचं, ते 'विषयाला धरून नाही'? आणि जो किल्ला टेम्पोतून उतरला, तो विषयाला धरून?

"इतिहासाशी खेळ नको"

परीक्षकांची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती पोकळ नाही. भोर-वेल्ह्यात गड म्हणजे सहलीची जागा नाही, घरातलं माणूस आहे. इथल्या तालुक्याचं नावही आता राजगड झालंय. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात राजगड आहे. दुसरीकडे, मोबाइल उघडला की महाराजांच्या नावाने काय वाट्टेल ते चालू असतं. गॉगल लावलेले, गाडीवर बसवलेले. त्याची चीड यायलाच हवी. त्या सरांना यान दिसल्यावर ती चीड आठवली असेल, तर मी समजू शकतो.

पण मुलांनी काय केलं होतं ते तरी बघायचं. महाराजांची मूर्ती बालेकिल्ल्यावर होती, जिथे असायला हवी तिथे, जशी असायला हवी तशी. मावळे दरवाज्यावर होते. यान माचीच्या टोकाला होतं, वरच्या तटाला धक्का न लावता. त्याला बंदुका नव्हत्या. भाचीने दोन मावळे यानापाशी ठेवले होते. ते यान हल्ला करायला आलेलं नाही याची खात्री करायला गेलेले होते, असं तिचं म्हणणं.

आणि मुळात, दिवाळीचा किल्ला शुद्ध इतिहासाचा कधी होता? आठवून बघा. ज्यांनी ज्यांनी लहानपणी किल्ला केलाय त्यांनी प्रामाणिकपणे आठवून बघा. पायथ्याला काय काय असायचं? रस्त्याला वाहतूक पोलिस. बँडवाले. बंदूकधारी प्लास्टिकचे सैनिक. गुहेत वाघ, आणि त्याच्याच बाजूला शेतात बैलजोडी. बोगद्यातून जाणारी चावीची आगगाडी. कुणाकडे विमानतळ, त्यावर दोन रुपयांचं विमान. कुणाकडे क्रिकेटची मॅच. वर महाराज आणि खाली हा सगळा गोतावळा. यावर कुणी आक्षेप घेतल्याचं मला आठवत नाही. आजोबांच्या काळात आगगाडी नवी होती, ती किल्ल्यावर आली. वडिलांच्या काळात विमान नवं होतं, तेही आलं. प्रत्येक पिढीने आपल्या काळातली सगळ्यात नवलाची गोष्ट आणून गडाच्या पायथ्याशी ठेवली. तो एक प्रकारचा मुजराच होता.

मग आमच्या पिढीवर येऊन ही रांग का थांबते? भाच्याच्या काळातली नवलाची गोष्ट यान आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं तेव्हा याच गावात फटाके वाजले होते. चंद्रावर उतरलेलं चालतं, सुवेळा माचीवर उतरलेलं चालत नाही?

आणखी एक गोष्ट सांगतो, जी मला फार महत्त्वाची वाटते. राजगड आज आपल्याला जुना वाटतो, कारण आपण तो जुना झाल्यावर पाहिला. सतराव्या शतकाच्या मध्यात, तोरणा हाती आल्यावर, समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर जेव्हा काम सुरू झालं, तेव्हा तिथे इतिहास नव्हता. तिथे एक डोंगर होता आणि एका तरुण माणसाच्या डोक्यातलं एक चित्र होतं. जे राज्य अजून नाही त्याची राजधानी आधी बांधायला घेतली जात होती. पुढे सुमारे पाव शतक तीच राजधानी राहिली. चिलखती बुरूज हा त्या काळचा प्रयोग होता. तेव्हाही कुणीतरी म्हणालं असेल, कशाला दोन-दोन भिंती, साधाच करू.

आपण गडाचं रूप जपतो, पण ज्या धाडसाने तो बांधला ते धाडस मुलांनी केलं की त्यांना बाद करतो. वारसा म्हणजे नुसता दगड असेल, तर मग तयार किल्लाच बरा. त्याला पाणीसुद्धा घालावं लागत नाही.

आता आमच्यासारख्यांची पाळी

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण माझ्यासारखे असणार. गावाकडून पुण्याला आलेले, इंजिनियरिंग केलेले, खराडी नाहीतर हिंजवडीत बसलेले. तुम्ही आतापर्यंत त्या परीक्षकांवर हसत असाल तर जरा थांबा.

मी पहिल्या बोनसमधून लेगोचा 'गॅलेक्सी एक्स्प्लोरर' घेतला. १९७९ च्या जुन्या निळ्या-करड्या यानाची २०२२ साली काढलेली मोठी आवृत्ती, १२५४ तुकडे. पिशव्यांवर आकडे, पुस्तिकेत प्रत्येक पायरीचं चित्र. पिशवी एक उघडा, चित्र बघा, लावा. पिशवी दोन उघडा. दोन संध्याकाळी यान तयार. शेल्फवर ठेवलं, फोटो टाकला, दोनशे लाइक आले. मी त्यात काय केलं होतं? काहीही नाही. एक आज्ञावली होती आणि तिची अंमलबजावणी करणारा मी होतो. नोकरीत जे आठ तास करतो तेच घरी येऊन पैसे भरून केलं.

याच कंपनीचा त्याहून मोठा 'मिलेनियम फाल्कन' ७५४१ तुकड्यांचा आहे, २०१७ मध्ये आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत आठशे डॉलर होती. आपल्याकडे अशी खेळणी आणखी महाग पडतात, कारण खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. तरी माझ्या ओळखीतले लोक तो घेतात, पुस्तिकेबरहुकूम लावतात, काचेच्या पेटीत ठेवतात, आणि मुलं जवळ गेली की ओरडतात, "हात लावू नकोस!" खेळण्याला.

टेम्पोतून उतरलेला तो किल्ला आणि काचेच्या पेटीतला हा फाल्कन, यांच्यात मला फरक सांगा. दोन्ही विकत घेतलेले. दोन्ही दुसऱ्याने आधीच विचार करून ठेवलेले. एकाला पुस्तिका आहे, दुसऱ्याला तीसुद्धा लागत नाही. गावाने संस्कृतीच्या नावाखाली तयार माल घेतला, आम्ही नॉस्टॅल्जियाच्या नावाखाली. यात आम्ही पुढारलेले कुठून झालो?

गंमत म्हणजे त्या ठोकळ्याचा जन्मच याच्या उलट हेतूने झालाय. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावातल्या एका सुताराने, ओले कर्क क्रिस्टियन्सनने, १९३२ मध्ये ही कंपनी काढली. 'लेगो' हे नाव 'छान खेळ' अशा अर्थाच्या डॅनिश शब्दांवरून आलंय. आजचा ठोकळा पेटंटसाठी गेला तो १९५८ मध्ये. त्याची सगळी कमाल अशी की कुठलाही ठोकळा कुठल्याही ठोकळ्यात बसतो. दोन बाय चार बटणांचे एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे घ्या. ते किती वेगवेगळ्या प्रकारे जोडता येतात हे गणितज्ञांनी मोजलंय : ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. सहा ठोकळ्यांत एवढ्या शक्यता, आणि आम्ही १२५४ ठोकळे घेऊन एकच करतो. पुस्तिकेतली.

माझ्या बाबतीत तर याहून वाईट आहे. यान पूर्ण झालं त्या रात्री मी भाच्याला म्हणालो होतो, "टोकाला एक भगवा लाव, म्हणजे कुणी काही बोलणार नाही." तो म्हणाला, "मामा, भगवा बालेकिल्ल्यावर आहे ना. यानाला कशाला? घाबरलायस का तू?" मी विषय बदलला. परीक्षक येण्याच्या तीन दिवस आधी मीच त्याला शिकवत होतो की आपलं काम वाचवायचं असेल तर त्यावर झेंडा चिकटवायचा असतो. श्रद्धेने नाही, ढाल म्हणून. थट्टा म्हणायचीच असेल तर ती ही होती, आणि ती करणारा मी होतो.

"छान, रोबोटिक्सचा क्लास लाव"

तिसरा गट सगळ्यात गोड बोलतो. यानाचा फोटो मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला तेव्हा पहिली प्रतिक्रिया आली, "टॅलेंटेड आहे, क्लास लाव." दुसरी, "याचा पुढे एंट्रन्सला फायदा होतो." तिसऱ्याने ॲपची लिंक पाठवली.

म्हणजे एका बाजूला मुलाची कल्पना इतिहासाच्या कामी येत नाही म्हणून बाद, दुसऱ्या बाजूला ती करिअरच्या कामी येईल म्हणून पास. नुसतं यान म्हणून ते कुणालाच नको. त्याने बसून ठरवलं होतं की यानात किती माणसं राहतील, पाणी कुठून येईल, भाकरी कशावर भाजायची, आणि वजन नसताना पीठ उडणार नाही यासाठी काय करायचं. परातीला झाकण आणि झाकणाला हात घालायला दोन भोकं, असा तोडगा भाचीने काढला. यातल्या कुठल्या गोष्टीला तुमच्या क्लासमध्ये गुण आहेत?

मी स्वतः चार वर्षं इंजिनियरिंग केलं. त्या चार वर्षांत मला एकाही शिक्षकाने विचारलं नाही की तुला काय बांधायचंय. प्रॅक्टिकलची फाइल मागच्या वर्षीच्या मुलाकडून आणायची आणि उतरवायची. प्रोजेक्ट विकत मिळायचे, पुण्यात त्याची दुकानं आहेत हे तुम्हालाही माहीत आहे. टेम्पोतल्या किल्ल्याला हसू नका, आपल्यातल्या कितीतरी जणांची पदवी तशीच आलीय. म्हणून मला भीती वाटते. 'साधाच करू' हे वाक्य अकराव्या वर्षी सुरू होतं आणि बाविसाव्या वर्षी त्याची पदवी होते.

हे परकं खूळ नाही

"यानं-बिनं हे तिकडचं फॅड, आपल्या मुलांना कशाला?" हेही ऐकलं. याचं उत्तर पुणे जिल्ह्यातच आहे, आणि तेही तीनदा.

एक. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली तेव्हा एवढ्या मोठ्या भरीव तबकड्या परवडणाऱ्या नव्हत्या. म्हणून पोलादी तारा ताणून त्यांवर तारेची जाळी बसवली. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ ती वापरायला येतात. कामटी घालून यानाचा कणा ताठ करणं आणि तारा ताणून दुर्बीण उभी करणं, हे एकाच घराण्यातलं शहाणपण आहे.

दोन. अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनियर, पुण्यात ट्रकच्या कारखान्यात नोकरी. तिथून रजा काढून १९७८ मध्ये ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या प्रयोगात गेले आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगकाड्या यांतून त्यांनी सांगाडे जोडायचा अख्खा खेळ उभा केला. पुढे पुण्यात आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात बसून कचऱ्यातून शेकडो खेळणी केली. त्यांना आयात शुल्क लागलं नाही.

तीन. जयंत नारळीकर. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्यांची पहिली विज्ञानकथा कशी आली हे त्यातल्या किती जणांना माहीत आहे? मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा होती, १९७४ ची. नारळीकर तेव्हा जगप्रसिद्ध होते. नावाकडे बघून बक्षीस मिळू नये म्हणून त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. कथेचं नाव 'कृष्णविवर'. तिला पहिलं बक्षीस मिळालं.

या गोष्टीत लोक नारळीकरांच्या नम्रतेचं कौतुक करतात. मला मात्र त्या परीक्षकांचं कौतुक वाटतं. कुणी जगताप नावाचा अनोळखी माणूस कृष्णविवराची कथा पाठवतो. ते ती वाचतात आणि पहिला क्रमांक देतात. मराठीत विज्ञानकथेला जी उभारी आली, तिच्यामागे ती न दिसणारी माणसंही आहेत. परीक्षकाच्या हातात एवढी ताकद असते. आमच्या अंगणात आलेल्या तिघांच्या हातातही होती.

मग काय करायचं?

मी नुसता चिडून थांबणार नाही. भोर-वेल्ह्यात आणि इतरत्र ज्या मंडळांच्या किल्ला स्पर्धा होतात, त्यांना माझ्या तीन साध्या मागण्या आहेत.

पहिली, विकत आणलेला तयार किल्ला स्पर्धेत नको. माती, दगड, पुठ्ठा, ठोकळे, काहीही चालेल, पण मुलांच्या हाताचं. परीक्षकांनी हात लावून बघावं, नखात माती आहे का तेही बघावं.

दुसरी, निकालाआधी प्रत्येक मुलाला एक प्रश्न विचारावा : "हे असं का केलंस?" आणि उत्तर संपेपर्यंत उभं राहावं. गुण त्या उत्तराला द्यावेत. आमच्याकडे हा प्रश्न विचारला असता तर त्यांना संजीवनी माचीवर वीस मिनिटांचं व्याख्यान मिळालं असतं.

तिसरी, एक वेगळा गट ठेवावा : 'अजून न बांधलेला गड'. समुद्राखालचा, चंद्रावरचा, कुठलाही. ज्यांना राजगड हुबेहूब करायचाय त्यांनी तो करावा, त्याचा मान पहिला. पण ज्यांना राजगडाकडून शिकून पुढचं काही बांधायचंय, त्यांना दारातून हाकलू नये.

आणि माझ्यासारख्यांना एकच विनंती. शेल्फवरचं ते यान खाली काढा. पुस्तिका रद्दीत टाका. गावाकडच्या भाच्याला, पुतणीला, शेजारच्या पोराला ते तुकडे देऊन टाका. ते तुकडे हरवतील, तुटतील, चुलीत पडतील. काही हरकत नाही, खेळणं त्यासाठीच असतं.

मी माझं दिलं. गेल्या रविवारी १२५४ तुकडे एका पिठाच्या डब्यात भरून एसटीने घेऊन गेलो. भाच्याने डबा उघडला, वरवर हात फिरवला आणि विचारलं, "हे सगळे घट्ट आहेत?"

"सगळे."

तो काही बोलला नाही. भाचीने मात्र जुनी पिशवी आणून शेजारी ओतली आणि ढीग करायला लागली. आबा ओट्यावरून म्हणाले, "या खेपेला पाया आधी रुंद घ्या."

पुढची दिवाळी अजून लांब आहे. ती मुलं काय बांधतील मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही. परीक्षकांनी मात्र तयारीत राहावं.